सोयाबीनचे हेक्टरी पाच हजार: शेजाऱ्याला मिळाले, आम्हाला का नाही?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचा प्रश्न आहे. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीनसाठी सरकारने जे अर्थसहाय्य दिलं त्याचे शेजाऱ्याला दहा हजार मिळाले, त्याच्या वडिलांच्या खात्यात एक रुपयाही आला नाही. जमीन वडील आणि काकांच्या नावे सामाईक, सोयाबीनचा पेरा १ हेक्टर ६० आर (म्हणजे १.६ हेक्टर), काका पुण्याला. तलाठी म्हणतात कृषी खात्यात जा, कृषी सहायक म्हणतात बँकेत जा, बँकेतले म्हणतात आधार लिंक आहे, आमच्याकडून काही अडलेलं नाही. पुढे त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. सगळे याला ‘भावांतर’, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक म्हणतात, तर मग विक्रीची पावती कुणीच कशी मागितली नाही? आणि बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर घेऊन केलेल्या दोन एकरांचं काय?

मी कृषी सहायक म्हणून चोवीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाले तरी लोक पिशवीत कागद घालून घरी येतात आणि २०२४ च्या दिवाळीपासून निम्मे कागद याच अनुदानाचे आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ही योजना काय होती ते सांगते, कारण नावातच घोळ आहे. २८ जून २०२४ च्या राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २९ जुलैला शासन निर्णय निघाला. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठी ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र असेल तर सरसकट १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर हेक्टरी ५,००० रुपये, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत. दोन्ही पिकं मिळून जवळपास ४,१९४ कोटींची तरतूद, त्यातला मोठा वाटा सोयाबीनचा. ३० सप्टेंबर २०२४ पासून पैसे खात्यांवर जायला लागले.

म्हणजे हे पैसे पेऱ्यावर आहेत, विक्रीवर नाहीत. तुम्ही किती क्विंटल विकलं, कुठल्या अडत्याला दिलं, काय भावाने दिलं, याचा हिशेबात कुठेच संबंध नाही. पावती मागितली नाही ती त्यामुळेच. खरी भावांतर योजना म्हणजे मध्य प्रदेशने २०१७ साली राबवली ती. तिथे आधी नोंदणी करायची, ठरलेल्या मुदतीत मंडईतच माल विकायचा, आणि हमीभाव व सरासरी भाव यांतला फरक खात्यावर यायचा. सगळ्यांनी एकाच मुदतीत माल आणल्यामुळे भाव आणखी पडला, अशी तक्रार तिथल्या शेतकऱ्यांची तेव्हा होती. आपल्याकडे बोलताना ‘भावांतर’ हा शब्द चिकटला. त्यामुळे कितीतरी जण आजही अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या शोधत बसलेत. त्या जपून ठेवा, पण या कामासाठी त्यांचा उपयोग नाही.

शेजाऱ्याला दहा हजार मिळाले याचा अर्थ त्याच्या नावावर दोन हेक्टर किंवा जास्त सोयाबीन नोंदलेलं होतं. तुमचा पेरा १ हेक्टर ६० आर असेल तर तुमचा आकडा ८,००० होतो, आणि तोही सातबाऱ्यावर तितकंच सोयाबीन असेल तर. या ‘तर’पासूनच सुरुवात करायची आहे.

पैसे सरकारने दिले की नाही दिले, असा तुमचा प्रश्न नाही. पैसे सुटण्याआधी वडिलांचं नाव तीन वेगवेगळ्या नोंदवह्यांतून जातं आणि ते कुठल्या नोंदवहीत अडकलं, हा प्रश्न आहे. पहिली महसूल खात्याची, म्हणजे पिकाची नोंद. दुसरी कृषी खात्याची, म्हणजे संमतीपत्र आणि नावाची जुळणी. तिसरी बँकेमागची, म्हणजे आधारशी जोडलेलं खातं. तलाठी, कृषी सहायक आणि बँक तिघेही आपापल्या नोंदवहीपुरतं खरंच बोलत असतील. तिन्ही समोर ठेवून पाहणारं माणूस त्यांच्यात नाही, म्हणून ते काम तुम्हालाच करावं लागणार.

पिकाच्या नोंदीपासून बघू. सातबाऱ्यातला बारा नंबरचा भाग काढा आणि २०२३-२४ खरिपासमोर काय लिहिलंय ते वाचा. आपण शेतात काय पेरलं होतं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून कागद वाचायचा राहून जातो. आपल्या भागात सोयाबीनमध्ये तूर असतेच, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करताना, हे मिश्र पीक म्हणून नोंदलं की क्षेत्राची वाटणी होते. तुमच्या तोंडी १ हेक्टर ६० आर असलेलं सोयाबीन कागदावर १ हेक्टर २० आर असू शकतं, बाकीचं तुरीच्या नावे. मग आठ हजारांचे सहा होतात. यात फसवणूक नाही, अनुदानात तूर नव्हतीच. गटात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किंवा विहीर-गोठ्याखालची जागा असेल तर तीही वजा होते.

त्या खरिपात पाहणी केलीच नसेल तर? सुरुवातीला ई-पीक पाहणीची अट कडक होती. पाहणी नसली तरी सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद आहे अशांनाही घ्यायचं, असा निर्णय नंतर झाला. त्यामुळे मोबाइलवर पाहणी केली नव्हती एवढ्यावरून आशा सोडू नका. मात्र बारा नंबरात सोयाबीन नाहीच, रकाना कोरा आहे किंवा दुसरंच पीक लागलंय, असं असेल तर ते अवघड. उभं पीक बघून नोंद करायची असते आणि ते पीक तर २०२३ मध्येच निघालं. मागच्या तारखेची नोंद करून देतो असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

नोंद ठीक निघाली तर दुसरी वही, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे. सामाईक खात्याला कृषी खात्याने दोन कागद मागितले होते. एक, ज्याच्या नावे पैसे घ्यायचे त्याचं आधार वापरायला संमतीपत्र. दुसरा, बाकीच्या सहखातेदारांचं ना हरकत पत्र, की हे पैसे अमुक एकाच्या खात्यात गेले तर आमची हरकत नाही. एकट्या नावाच्या खातेदारांचं काम एका कागदात भागलं. भाऊबंदांच्या खात्यांचं तिथे थांबलं, कारण एक भाऊ पुण्यात, बहिणी सासरी, एखाद्याशी बोलणं बंद. माझ्याकडे आलेल्या अडलेल्या प्रकरणांत सर्वांत जास्त याच जातीची आहेत. वडिलांनी संमतीपत्र दिलंय, एवढं ऐकून थांबू नका. काकांचं ना हरकत पत्र त्यासोबत होतं का, हे विचारा.

याच वहीत नावाची जुळणीही येते. कृषी खात्याने यादीतली नावं आधारशी ताडून पाहिली आणि जिथे फरक निघाला तिथे ई-केवायसी करायला सांगितली. मराठवाड्यात हा फरक पडणारच. आपले जुने सातबारे ‘पि.’ (पिता) आणि ‘भ्र.’ (भ्रतार, म्हणजे नवरा) लावून लिहिलेले असतात. बाईचं नाव तिच्या भ्रतारासह, आणि तेही घरात हाक मारतात तसं. सातबाऱ्यावर ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर. सातबाऱ्यावर कोंडाबाई, आधारवर कोंडूबाई. गावाला माहीत असतं की माणूस एकच आहे, संगणकाला ते कळत नाही. आधारचा अंगठा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन ई-केवायसी झाली की हा अडथळा निघतो. बोटांच्या रेषा झिजलेल्या वडीलधाऱ्यांचा अंगठा मशीन घेत नाही. तेव्हा हात कोमट पाण्याने धुऊन, नीट पुसून दुसरं बोट लावून बघा. तरीही नाही झालं तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने द्या आणि त्याच वेळी मोबाइल नंबर जोडून घ्या. पुढचं बरंच काम त्या नंबरावर चालतं.

आता बँक, आणि इथे मला जरा थांबायचंय. ‘आधार लिंक आहे’ या एका वाक्याने लोकांचे जितके हेलपाटे झाले तितके दुसऱ्या कशाने झाले नसतील.

बँकेत आधारची दोन वेगळी कामं असतात. पहिलं, तुमच्या खात्याच्या माहितीत आधार क्रमांक टाकणं. ते झालं की काउंटरवरचा माणूस म्हणतो लिंक आहे, आणि तो खोटं बोलत नाही. दुसरं, सरकारी पैसे घेण्यासाठी, बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे त्या बँकेचं नाव लागणं. यासाठी वेगळा संमती अर्ज भरावा लागतो. तिथे एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. शेवटी जिथे ही नोंद झाली तिकडे पैसे जातात, आधीची बँक आपोआप सुटते. त्या नोंदीत खाते क्रमांकसुद्धा नसतो, फक्त बँक असते. त्या बँकेत तुमची दोन खाती असतील तर कुठल्या खात्यात टाकायचे हे बँकेकडच्या नोंदीवर ठरतं. म्हणून पासबुकाची झेरॉक्स जोडली की त्याच खात्यात पैसे येतील, हा समज सोडून द्या.

२०२४ च्या दिवाळीनंतर एक विधवा बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या नावे ८० आर, एकट्यांचं खातं, सोयाबीनची नोंद स्वच्छ, संमतीपत्र दिलेलं. बँकेत त्या तीनदा जाऊन आल्या होत्या, प्रत्येक वेळी जायला-यायला दिवस मोडला. आधारच्या संकेतस्थळावर स्वतःच्या आधारला सध्या कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. ओटीपी टाकून ते पाहिलं. बँक निघाली पोस्टाची. जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी गावात पोस्टाची खाती उघडली गेली तेव्हा त्यांनीही उघडलं होतं आणि आधारची नोंद तिकडे सरकली. चार हजार रुपये पोस्टाच्या खात्यात ऑक्टोबरपासून पडून होते. त्यांनी ते पैसे पोस्टमनकडून अंगठा लावून घरीच काढले आणि त्याच आठवड्यात हरभऱ्याला खत घातलं. हे सांगताना आजही जीव तुटतो, कारण त्या तीन फेऱ्यांत कुणीतरी एकदा ती नोंद उघडून दाखवली असती तर काम पहिल्याच दिवशी झालं असतं.

म्हणून बँकेत जाण्याआधी घरी किंवा सेवा केंद्रात ही एक नोंद बघा. तुमच्याच बँकेचं नाव असेल आणि स्थिती चालू दाखवत असेल, तर अडचण बँकेत नाही, मागच्या दोन वह्यांत आहे. दुसऱ्या बँकेचं नाव असेल तर आधी तिथलं पासबुक भरून घ्या, पैसे तिथे येऊन पडले असतील. स्थिती बंद दाखवत असेल किंवा बँकच नसेल तर हव्या त्या शाखेत लेखी संमती अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन बारकावे आणखी. कमी कागदांवर उघडलेल्या छोट्या जनधन खात्यांना शिल्लक ५० हजारांच्या आत ठेवायची मर्यादा असते, तिने पैसे परत जाऊ शकतात. आणि पीककर्ज थकलं म्हणून खात्याला होल्ड लावलेला, म्हणजे पैसे काढायला अडवलेले असतील तर पैसे येऊनही हाती लागत नाहीत. अशा वेळी होल्ड कशासाठी लावला ते शाखेकडे लेखी विचारा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर आधी बारा नंबर, मग संमती-ना हरकत आणि ई-केवायसी, मग आधारची बँक. क्रम बदलू नका. लोक उलट्या टोकाने, बँकेपासून सुरू करतात आणि थकतात. तिन्ही वह्या नीट असूनही पैसे नसतील तर वडिलांच्या नावाने तालुका कृषी अधिकाऱ्यांना अर्ज करा. अर्जात गट क्रमांक, खाते क्रमांक, आधारचे शेवटचे चार आकडे, संमतीपत्र दिल्याची तारीख लिहा आणि आवक क्रमांक टाकून घ्या. ‘अनुदान मिळाले नाही’ एवढंच लिहिलेला अर्ज ढिगात जातो. कुठल्या वहीत काय तपासलं हे लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं, हा माझा खुर्चीच्या त्या बाजूचा अनुभव आहे.

बटईच्या दोन एकरांबद्दल मात्र मी तुम्हाला गोड उत्तर देऊ शकत नाही. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला गेले. जमीन कसणाऱ्याचं नाव कागदावर नाही, त्यामुळे ज्याने बी टाकलं, फवारणी केली आणि २०२३ च्या ऑगस्टमधला तो महिनाभराचा कोरडा खंड अंगावर काढला, त्याच्यासाठी यात रकानाच नाही. मालकाने स्वतःहून निम्मे दिले अशी घरं मी पाहिली आहेत, आणि मागितले म्हणून पुढच्या वर्षी रान काढून घेतलेलंही पाहिलं आहे. तुमचे संबंध कसे आहेत ते तुम्हालाच ठाऊक. मागायचे असतील तर हक्क म्हणून वाद न घालता बटईच्या वाट्याचा हिशेब म्हणून विषय काढा. बी-खतात जसा वाटा ठरला होता तसाच यात धरा म्हणावं. आणि पुढच्या पाडव्याला बोली करतानाच बोलून ठेवा की सरकारी मदत आली तर कशी वाटायची. नोकरीत असताना मी बैठकीत हा मुद्दा मांडला की उत्तर यायचं, नोंद नाही तर द्यायचं कुणाला. नोंद का नाही, यावर चर्चा व्हायला हवी, ती होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तेल एवढं महागलं तरी सोयाबीन स्वस्तच, मग पाच हजारांनी काय होणार. त्याचा हिशेब असा. एकरी ६ क्विंटल उतारा धरला तर हेक्टरी १५ क्विंटल. पाच हजार भागिले पंधरा म्हणजे क्विंटलला ३३३ रुपये. ज्याला एकरी ४ क्विंटलच झालं त्याला तेच क्विंटलमागे ५०० पडतात, ज्याला ८ झालं त्याला २५०. ऑगस्टचा खंड आणि त्यामागून आलेला पिवळा मोझॅक रोग यांनी ज्याचं पीक मारलं, त्याला विक्रीवरच्या भावांतरात सर्वांत कमी मिळालं असतं, कारण विकायला मालच नव्हता. पेऱ्यावर दिल्यामुळे त्याच्याही हातात तेवढेच आले. त्यामुळे पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. पण हे पैसे पीक निघाल्यावर वर्षाने आले. तोवर त्या माणसाने व्यापाऱ्याकडून उचल घेऊन पुढचं बी पेरलेलं होतं. शंभर रुपये वेळेवर मिळणं आणि वर्षाने मिळणं यांतला फरक उधारीच्या व्याजात दिसतो.

आणि तेलाचं म्हणाल, तर सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के, बाकी सगळी पेंड. भुईमूग-करडईचं गणित इथे लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं तेव्हा आपल्याकडे खूप आशा होती. तेल चढलं, पण पेंडेला उठाव नव्हता. कोंबडीखाद्यात मक्याच्या इथेनॉलमधून निघणारा स्वस्त चोथा शिरला आहे. म्हणून २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ असताना बाजार त्याच्या खालीच राहिला. उलट, २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेलं तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवर १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी मिळाली होती. आपल्या रानातल्या भावाची नाडी पेंडेत आहे, हे ध्यानात ठेवून साठवायचं की विकायचं ते ठरवा. शक्य असेल तर यंदाचा माल हमीभाव केंद्रावर घाला. ओलाव्याची मर्यादा नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती १२ वरून १५ टक्के केली होती, पण माल दोन उन्हं देऊनच न्या. परत पाठवलेल्या ट्रॅक्टरचं भाडं तुमच्याच अंगावर पडतं.

तुमच्या कामाला आता फक्त काकांची सही राहिली असावी, असं मला वाटतं. ते संक्रांतीला गावी येणार असतील तर तोवर थांबू नका. ना हरकत पत्राचा नमुना कृषी सहायकाकडून आणा, त्यात गट क्रमांक, खाते क्रमांक आणि दोघांची नावं सातबाऱ्यावर आहेत तशीच भरा आणि त्यांना पोस्टाने पाठवा. सोबत त्यांच्या आधारची सही केलेली प्रतही मागवा. वडिलांचा फोन जाऊ द्या काकांना, तुमचा नको. दोन भावांत पैशाचा विषय आहे, मोठ्या माणसाने बोललेला बरा.